कोऱ्या प्लेटची बीप

आमचा बचत गट सौर दिवे जोडतो. आज बोलायचंय ते दिव्यातल्या हिरव्या प्लेटबद्दल, म्हणजे पीसीबीबद्दल. प्लेटा आम्ही आमच्या नकाशाप्रमाणे बाहेरून करून घेतो, सामान बसवून डाख देतो. कधीकधी प्लेट येतानाच बिघडलेली येते, आणि नाव होतं बायकांच्या हाताचं.

प्लेट करणारा तांबं चढवलेल्या पत्र्यावर रेघा तेवढ्या झाकतो आणि बाकीचं तांबं रसायनाला खाऊ देतो. रसायनात पत्रा कमी राहिला, तर दोन रेघांमध्ये तांब्याचा तंतू उरतो. जास्त राहिला, तर रेघच तुटते. तांब्याचा थर असतो साधारण 35 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. नुसत्या डोळ्याला काय दिसणार?

म्हणून प्लेटा आल्या की डाख द्यायच्या आधी तपासायच्या. मल्टिमीटर बीपवर लावा. बॅटरीच्या प्लस आणि मायनसच्या टिकलीवर सुया टेकवा. कोऱ्या प्लेटवर तिथे बीप वाजली, तर आत दोन रेघा जुळल्यात. आणि एकाच रेघेच्या दोन टोकांना वाजली नाही, तर रेघ तुटलीय. सामान बसवल्यावर सुट्या भागांतूनही वीज जाते, मग दोष शोधणं अवघड होतं.

मागे 200 प्लेटांत आम्हाला 25 सदोष मिळाल्या, सगळ्यांत एकाच जागी तंतू. एका पत्र्यावर आठ प्लेटा छापून मग कापत होते, म्हणजे त्यातल्या एका घराची फिल्मच खराब. पुरवठादार म्हणाला, बायकांनी डाख सांडला असेल. आम्ही म्हटलं, दादा, कोऱ्या प्लेटवर डाख कुठला? मग मात्र त्याने बदली प्लेटा कबूल केल्या. पण दिवे वेळेवर द्यायचे होते, म्हणून त्यातल्या 24 आम्हीच दुरुस्त केल्या.

तंतू असेल तर भिंग धरून धारदार ब्लेडने दोन चिरा द्यायच्या, मधलं तांबं खरवडून काढायचं, पुन्हा बीप पाहायची. तुटलेल्या रेघेला जरा वेळ लागतो. दोन्ही बाजूंचा हिरवा थर तांबं चमकेपर्यंत खरवडा. थोडी राळ लावा, डाखाचा पातळ हात द्या आणि वर बारीक तारेचा तुकडा ठेवून जोडा. मोटार भरायची तार चालते, फक्त तिच्या टोकांचं वार्निश आधी खरवडायचं. गन दोन-तीन सेकंदच टेकवा, नाहीतर तांबंच उचलून येतं. प्लस-मायनसची छापील खूण उलटी आली असेल, तर कापाकापी नको. रेघ बघून सामान बसवा, खूण पक्क्या मार्करने सुधारा.

काही करताना बॅटरी काढलेली हवी. 230 व्होल्टच्या चार्जरची प्लेट मात्र दुरुस्त करत बसू नका, सरळ परत पाठवा. डाखात बहुधा शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, लेकरं लांब ठेवा, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नको.

आणि हो, या दुरुस्तीची मजुरी बिलात वेगळी लिहा. आम्ही लिहिली, घासाघीस झाली, पण मिळाली. पंचविसावी प्लेट आम्ही तशीच ठेवलीय, तारीख लिहून, गटाच्या पेटीत. पुढच्या वेळी माल घ्यायला जाऊ तेव्हा ती पिशवीत असेल.