आधी शोधून बघा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ता माझी ओळख 'पुण्यातली मोठी सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली गेली. मोठी मी वयाने झालेय, एवढंच. आयोजकांनी 'तुझ्या क्षेत्राबद्दल पाच मिनिटं बोल' म्हणून सांगितलंय. मी त्या क्षेत्रातल्या माझ्या एका चुकीबद्दल बोलते.

आमचा कोड कुठे अडला की आम्ही इंटरनेटवर अनोळखी माणसांना विचारतो, आणि कुणीतरी फुकट उत्तर देतं. 2008 साली सुरू झालेली 'स्टॅक ओव्हरफ्लो' ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध जागा. एकाच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या हजारोंच्या कामी यावं, असा तिथला हिशेब. म्हणून तोच प्रश्न पुन्हा आला की 'हे आधी विचारून झालंय' असा शिक्का मारून तो बंद करतात. या नियमाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तो नसेल तर काय होतं ते बघायचं असेल, तर आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजता डोकावा. गुलाबाच्या फुलांखाली मेळाव्याची तारीख तीनदा हरवली होती!

पण शिक्का मारणाऱ्या हाताला सवय लागते. 2018 च्या एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनेच जाहीर कबुली दिली, की नवख्यांना आणि स्त्रियांना ही जागा आपली वाटत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ईमेलमधल्या आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागितली आणि काही दिवस कामापासून दूर राहिले. मी दोन्ही बातम्या वाचल्या आणि मनात म्हटलं, बरं झालं, यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

मी स्वतः तेव्हा प्रोग्रॅमरांच्या एका ग्रुपची मॉडरेटर होते. एका रात्री एका मुलाचा प्रश्न आला. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, मोडकंतोडकं इंग्रजी, शेवटी 'अर्जंट'. असे त्या आठवड्यात वीस तरी पाहिले असतील. मी 'आधी शोधून बघा' एवढे तीन शब्द लिहिले आणि प्रश्न बंद केला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याने मला वेगळा निरोप पाठवला: "मॅडम, शोधलं होतं. पण ह्या चुकीला काय म्हणतात तेच माहीत नाही, तर काय शोधू?"

मी तो निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी वाचला. उत्तर दिलं तोवर तो ग्रुप सोडून गेला होता. पुन्हा कधी दिसला नाही.

आता तुमच्यापैकी काहींना आठवेल. मी आठवीत आपल्या शाळेत आले ती फुलंब्रीकडच्या जिल्हा परिषद शाळेतून, सेमी इंग्रजीच्या वर्गात. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या तासाला मी उभी राहून विचारलं, "सर, एलसीएम म्हणजे काय?" वर्ग हसला. (हसणारे चार जण आज तिसऱ्या रांगेत बसलेत. नावं घेत नाही.) लसावि मला झोपेत विचारला असता तरी काढता आला असता. मला फक्त त्याचं इथलं नाव माहीत नव्हतं. सरांनी फळ्यावर एका बाजूला एलसीएम लिहिलं, दुसऱ्या बाजूला लसावि, आणि हसणाऱ्यांना विचारलं, "लसाविचं पूर्ण रूप सांगा." कुणाला येईना. मी सांगितलं, लघुतम साधारण विभाज्य. पण सरांनी मला सोडलं नाही हं! रोज दहा इंग्रजी शब्द वहीत लिहून दाखवायचे, असं बजावलं. दिवाळीपर्यंत दाखवत होते.

एवढं सगळं माझ्या बाबतीत घडलेलं, आणि त्या मुलाला मी शोधायचा शब्दसुद्धा दिला नाही.

नंतर आम्ही ग्रुपमध्ये एक बदल केला. प्रश्न बंद करणाऱ्याने कुठल्या शब्दाने शोधायचं तो शब्द लिहायचाच, आणि कुणाचा पहिलाच प्रश्न असेल तर एकट्या मॉडरेटरने तो बंद करायचा नाही. जुन्या मंडळींनी कुरकुर केली. दोघं सोडूनही गेले. त्यातला एक फार हुशार होता, त्याची उणीव अजून जाणवते. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात. मला ते नाव फार आवडतं. चावडीवर नवा माणूस आला की आधी 'कोण गावचं पाव्हणं?' असं विचारतात.

2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न झपाट्याने घटले. यंत्र झटकन उत्तर देतं, हे कारण आहेच. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीला मी विचारलं, माझ्याकडे का येत नाहीस? ती म्हणाली, "त्याला कितीही वेळा विचारलं तरी चालतं." यंत्र बऱ्याचदा बरोबर सांगतं, कधी ठामपणे चुकीचं सांगतं, आणि ती चूक तिला अजून ओळखता येत नाही. आता रोज साडेचारला ती चहा घेऊन माझ्या टेबलाशी येते.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दोन तास मी नववी-दहावीच्या मुलांसाठी ऑनलाइन बसणार आहे. आणखी दोघं-तिघं आले तर हवेच आहेत, तिसऱ्या रांगेतलेसुद्धा. मुलांनी प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल. फोटो तिरका असला तरी चालेल.