शेवटचा सभासद

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी फौजेत बावीस वर्षे काढली. तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांविषयी बोललो, तर ती माझी खोड समजून माफ करा. शाळेच्या मांडवात हा विषय कशाला, ते पुढे कळेल.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांनी १८६६ साली इलिनॉय राज्यातील डिकेटर गावी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ हा बंधुसंघ काढला. १८९० मध्ये त्याचे सभासद चार लाखांवर होते. जखमींच्या पेन्शनसाठी, विधवा-अनाथांसाठी संघाने पुष्कळ केले. स्मृतिदिनाच्या सुमारास हे म्हातारे शाळांत जात, मुलांना लढाईच्या हकिकती सांगत. पण सभासद कोण? फक्त त्या युद्धात लढलेला. मुलांसाठी १८८१ मध्ये निराळी संघटना निघाली, तरी मूळ संघाचे दार बंदच राहिले. १९४९ च्या शेवटच्या अधिवेशनाला सहा जण आले. लहानपणी पलटणीत ढोल वाजवणारा अल्बर्ट वूल्सन १९५६ साली वारला आणि संघही संपला.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये निघालेल्या ‘अमेरिकन लीजन’मध्येही सभासद सैनिकच. मात्र यांनी मुलांना नुसते गोष्टी ऐकायला बसवले नाही, हाती काम दिले. १९२५ पासून बेसबॉलचे संघ काढले. १९३८ पासून शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा सुरू केली. विषय देशाची राज्यघटना. मुलाने आठ ते दहा मिनिटे बोलायचे, जिंकणाऱ्याला कॉलेजची शिष्यवृत्ती.

पालकांनो, आता सांगतो ते नीट ऐका. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा परतणाऱ्या जवानांचे काय, हा प्रश्न आला. लीजनचे माजी अध्यक्ष, पेशाने वकील हॅरी कोल्मेरी यांनी वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात बसून कायद्याचा मसुदा लिहिला. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, वर महिन्याला खर्चाचे पैसे. शिपाईगडी कॉलेजात काय करणार, अशी शंका मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रमुखांनी घेतली होती. सुमारे बावीस लाख जवान कॉलेजात गेले. शेतकऱ्या-कामगारांची ही मुले. कित्येकांच्या घरात कॉलेज कोणी पाहिले नव्हते.

एक गोष्ट लपवणार नाही. काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, या कायद्याचा लाभ फार थोडा मिळाला. तिथली पुष्कळ कॉलेजे त्यांना दारात उभे करीत नव्हती. लीजनच्या दक्षिणेतील शाखांतही काळे-गोरे वेगळे बसत. एकाच लढाईतून आलेली ही माणसे!

मी रिटायर होऊन गावी आलो. आम्ही पाच-सहा माजी सैनिक रोज संध्याकाळी नाक्यावर बसायचो. चहा, पेन्शनीची रड, जुने किस्से. शाळेतून येणारी मुले आम्हाला सलाम करून पुढे जात, आम्हीही कधी कोणाला थांबवले नाही. त्या बाकावर आता आम्ही दोघेच उरलो.

म्हणून पुढच्या वर्षी या शाळेत एक वक्तृत्व स्पर्धा घ्यावी, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. विषय, भारताचे संविधान. वेळ आठ मिनिटे. मुलींनीही भाग घ्यावा. पहिल्या क्रमांकाची वर्षाची फी आमच्या पेन्शनीतून. तयारी करून घ्यायला आम्ही शनिवारी दुपारी शाळेत येऊ. नावे हेडमास्तरांकडे द्यावीत.