भाव कोणाचा, वही कोणाची



सभेच्या अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असं धरा आणि मला थेट माझ्या फजितीवर येऊ द्या.

मध्यंतरी मी एक पद्धत तपासत होतो. नियम साधा : शेअर वीस दिवसांच्या नीचांकाखाली बंद झाला की विकायचा, आठवड्याने परत घ्यायचा. ब्रोकरकडून दहा वर्षांचे रोजचे भाव उतरवून घेतले. नफ्याचा आलेख इतका देखणा आला, की बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, ‘‘हा मधला एकच खांब एवढा उंच कसा?’’ खांब होता 28 ऑक्टोबर 2024चा. रिलायन्स त्या दिवशी माझ्या फाइलीत निम्म्यावर आला होता. प्रत्यक्षात कोसळलं काहीच नव्हतं. एकास एक बोनसनंतरच्या भावाचा तो पहिला दिवस. फाइलीत 2017च्या बोनसचं समायोजन झालेलं, 2024चं राहून गेलेलं. तो खांब काढला आणि पद्धत तोट्यात गेली.

उलटही होतं. तुमच्या घरी 2016 सालची कॉन्ट्रॅक्ट नोट असेल आणि तिच्यावर रिलायन्सचा भाव 1000 रुपये असेल, तर आजच्या आलेखात तो 250च्या आसपास दिसेल. दोन बोनस झाले, भाव चौथाई. शिवाय जुलै 2023मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली. विशेष सत्रात तिची किंमत 261 रुपये 85 पैसे धरली गेली. ती कोणी जुन्या भावांतून वजा करतो, कोणी करत नाही. दोघेही खोटं बोलत नाहीत. पण आपण काय केलंय, हे ग्राहकाला सांगायला हवं की नको?

जुन्या मंडळींना ‘गाळा’ आठवत असेल. दलाल स्ट्रीटवर ओरडून सौदे व्हायचे, तेव्हा दलालाने एका भावाने घ्यायचं, ग्राहकाच्या माथी दुसरा भाव मारायचा आणि मधला फरक खिशात. सौदा किती वाजता झाला, हे ग्राहकाला कळायला मार्गच नव्हता. नोव्हेंबर 1994मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, पडद्यावरचे शेअरसौदे सुरू झाले, 1995मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला आणि गाळ्याचा जमाना सरला. चालू भाव उघड झाला. मागचे भाव मात्र आपण अजून दलालाच्याच वहीतून वाचतो.

त्या वहीत काय काय असतं? बहुतेक ॲपकडे प्रत्येक सौदा येतच नाही. सेकंदाला काही वेळा टिपलेला भाव येतो. म्हणून एकाच मिनिटाचा उच्चांक दोन ॲपवर दोन. बंद भावाचंही तेच. रोख बाजारात वर्षानुवर्षं तो शेवटच्या अर्ध्या तासाच्या सौद्यांची भारित सरासरी राहिला आहे, तर कित्येक आलेख शेवटच्या सौद्यालाच बंद भाव म्हणतात. 24 फेब्रुवारी 2021ला एनएसई सकाळी 11:40ला ठप्प झाला आणि दुपारी पावणेचार ते पाच पुन्हा चालला. माझ्या पाहण्यातल्या एका फाइलीत तो दिवस 11:40लाच संपलाय.

आणि 20 एप्रिल 2020? टाळेबंदीमुळे एमसीएक्स हा वायदेबाजार संध्याकाळी पाचला बंद व्हायचा. त्या दिवशी संपणाऱ्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा शेवटचा सौदा 965 रुपयांना झाला. रात्री अमेरिकेत भाव शून्याखाली गेला आणि आपल्याकडची अंतिम सेटलमेंट झाली उणे 2,884 रुपयांना. पाचनंतर कोणालाही सौदा करता आला नाही, पण पैसे मात्र त्या भावाने गेले. नुसत्या सौद्यांच्या आलेखात हा आकडा सापडणार नाही.

मेलेल्या कंपन्यांचं तर नावच नको. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएलच्या भागधारकांच्या हाती 2021 साली शून्य आलं. आज चालू असलेल्या कंपन्यांचीच यादी घेऊन दहा वर्षं तपासली, तर हे शून्य हिशोबात येतच नाही. डब्ब्यावर, म्हणजे एक्स्चेंजबाहेरच्या बेकायदा सट्ट्यावर, आणि परदेशी फॉरेक्स ॲपवर खेळणाऱ्यांशी मी वादही घालत नाही. तिथे बहुतेकदा भाव मांडणाराच समोरचा खेळाडू असतो.

सेबीच्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये दहांतल्या नऊहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे घालवले. सगळा दोष चुकीच्या आकड्यांचा, असं मी म्हणणार नाही. लोभ आहेच की!

पण आपला पनवेलचा माणूस तांदळाची गोणी घेताना वरवर बघून पैसे देत नाही, आत हात घालून मूठभर काढतो, दाणा चावून बघतो. तेवढंच इथे करा. एक्स्चेंजची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची अधिकृत यादी, त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, बोनस-विभाजनाच्या तारखाही मिळतात. आज घरी गेल्यावर आपल्याकडचा एकच शेअर घ्या, त्याचे कुठलेही दहा दिवस निवडा आणि ब्रोकरचा भाव भावकॉपीशी ताडून बघा. जिथे जुळणार नाही तिथे ब्रोकरला लेखी विचारा. आणि आलेली उत्तरं पुढच्या सभेला घेऊन या.