सरकार आणि देवाचे दार



 धर्म आणि राज्यकारभार या विषयावरची ही परिषद आम्ही पंढरपुरासाठी आग्रहाने मागून घेतली. सरकारने देवळात कधी यावे आणि कधी येऊ नये, हे दोन्ही या गावाने पाहिले आहे.

विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोरच संत चोखोबांची समाधी. अस्पृश्य मानून हयातीत त्यांना राऊळात पाऊल टाकू दिले नाही. समाधीही बाहेरच राहिली. अस्पृश्य मानलेल्यांची ही अडवणूक सहा शतके चालली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात प्राणपणाने उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडले. हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारे कायदे करण्याची मुभा पुढे घटनेच्या 25 व्या कलमाने सरकारला दिली. 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. कोर्टकज्जे मात्र थेट 2014 पर्यंत चालले. हा हस्तक्षेप योग्यच होता, हे मी याच गावात उभा राहून ठामपणे सांगतो.

शासकीय महापूजेबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक गाभाऱ्यात असतात. दर्शनाच्या रांगेतल्या, म्हणजे बारीतल्या, एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून आत नेतात. ऊन-पाऊस झेलत आलेल्या बाकीच्यांची पददर्शनाची बारी तेवढा वेळ थांबते. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी विरोधाचा इशारा दिला आणि मुख्यमंत्री पूजेला आलेच नाहीत. आरक्षणाचा वाद विठ्ठलाच्या पूजेपर्यंत पोहोचला, कारण ती पूजा आधीच सत्तेची झाली होती.

बारीत पाणी, स्वच्छ शौचालये, चंद्रभागेच्या वाळवंटाची निगा, दवाखाना ही सरकारची कामे. ती त्याने जीव ओतून करावीत. मंत्र्यांनीही दर्शनाला जरूर यावे, पण बारीने यावे. महापूजा हा वारकऱ्यांचाच सन्मान आहे, असे मानणारी मंडळीही आम्ही मुद्दाम बोलावली आहेत. दुपारच्या सत्रात त्यांचे म्हणणे आधी ऐकावे आणि मग परिषदेच्या ठरावाचा मसुदा हाती घ्यावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.