खुराड्याचा हिशेब
(भंडारा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाच्या बैठकीत कोंबडीचा विषय कशाला काढला, असे काहींना वाटेल. आम्ही भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या बांधीतली माणसे. तुम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानातले. पीक निराळे, पण सांदवाडीतला खुराडा दोन्हीकडे सारखाच. पाऊस दगा देतो, व्यापारी भाव पाडतो, तेव्हा मीठ-मिरची, पोरांच्या वह्या आणि दवाखान्याला जायचे भाडे कुठून निघते? आठवडी बाजारात नेलेल्या कोंबड्यातून. मग त्या कोंबडीचा हिशेब आपण कधीच का मांडत नाही?

आपण मांडून पाहू. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की ती खुडूक होते. अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी पिले निघतात, आणि पुढे दीड-दोन महिने ती पिलांमागे असते. बारा अंडी ठेवली तर नऊ-दहा पिले निघतात. त्यातली काही घार नेते, काही मुंगूस नेते, काही पहिल्या पावसात गारठून मरतात. विकण्याजोगी चार-पाच हाती लागली तरी आपण समाधान मानतो. म्हणजे निम्मा माल घरातच बुडतो. कापसात निम्मा माल असा बुडाला असता तर आपण गप्प बसलो असतो काय?

कोंबडी फुकटात वाढते, असे पुरुषमंडळी म्हणतात. फुकट काही नसते. आमच्याकडे कनकी-कोंडा लागतो, तुमच्याकडे ज्वारी. घरची बाई पहाटे खुराडा उघडते, सांजवेळी मोजून आत घेते, शेणा-भुशाचे मडके उपडे घालून पिलांसाठी उधळी जमवते. तिच्या घामाची मजुरी कोणी धरतच नाही, म्हणून ते फुकट दिसते.

एक गोष्ट कपाशीवाल्यांसाठी खास. सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते, कोंबड्यांना घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, त्याने अंड्याचा बलक बिघडतो. औषध चोळलेले बियाणे आणि फवारलेले शेत यांपासूनही कोंबड्या दूर ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे गेली, तिथे पाखराची काय कथा!

आता शेजाराचे बोलू. कोंबडी सातबारा मानत नाही. याची कोंबडी त्याचा सांबार उकरते, त्यावरून दोन घरे महिनाभर बोलत नाहीत. पण त्याच घराचा कोंबडा साऱ्या आळीला चालतो. ज्या बाईकडे कोंबडी नाही तिला शेजारीण अर्धेलीने देते. पिले निघाली की निम्मी-निम्मी. कर्ज नाही, व्याज नाही, कागद नाही. ही आपली जुनी बँक आहे. पण ही बँक एका रोगात बुडते.

आमच्यावर बेतले ते सांगतो. एका फाल्गुनात आमच्यातल्या एकाने बाजारातून स्वस्तात दोन कोंबड्या आणल्या आणि त्याच सांजेला आपल्या कोंबड्यांत सोडल्या. पाचव्या दिवशी कोंबड्या पेंगू लागल्या, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या. हीच मानमोडी, म्हणजे राणीखेत. नाव कुमाऊंच्या डोंगरातल्या गावाचे, पण मरण आपल्या दारातले. पंधरा दिवसांत आळीत पाखरू उरले नाही. आणि आम्ही काय केले? उरलेल्या कोंबड्या मरण्याआधी पुढच्या बाजारात विकल्या. ज्यांनी घेतल्या तेही आपल्यासारखे शेतकरीच होते. व्यापारी आपल्याला लुटतो म्हणून आपण ओरडतो. त्या दिवशी आम्हीच आमच्या भावांना लुटले. हे आज सर्वांसमोर कबूल करतो.

या रोगावर औषध नाही, लस आहे. ती महागही नाही. अडचण निराळीच आहे. लसीची कुपी साधारण १०० कोंबड्यांची असते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. घरात आठ-दहाच कोंबड्या. एका घरासाठी कुपी कोण फोडणार? म्हणून लस राहून जाते. दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवला तर मात्र कुपी पुरी वापरली जाते आणि खर्च वाटला जातो. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली टोचायची लस. आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. कोंबड्या खुराड्यात असतात तेव्हा पहाटेच काम उरकावे. आजारी पाखराला लस देऊ नये.

आम्ही आता आळीत चार गोष्टी पाळतो. नवीन कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. आजारी कोंबडी बाजारात न्यायची नाही. आणि एकदम पुष्कळ मेल्या तर लपवायचे नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचे. लपवण्याची किंमत मोठी असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला. त्या वेळी मोठ्या फार्मांबरोबर घरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. राणीखेतची लस त्या रोगावर चालत नाही, आणि दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात. नुसत्या डोळ्याने ओळखायला जाऊ नका.

शेवटची गोष्ट पैशाची. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेक भावांनी बायकोच्या नावे जमीन केली. खुराड्याला तर सातबाराच नाही, नाव चढवायला तलाठी लागत नाही. तरी बाजारात कोंबडा विकायला नवरा जातो, हातात धरून अंदाजाने सौदा होतो, आणि पैसे घरी येईपर्यंत निम्मे होतात. आमच्या काही घरांत आता बाया जोडीने बाजारात जातात, काट्यावर तोलून देतात, पैसे त्यांच्याच पदरी राहतात. भांडण झाले, होणारच. पण लस वेळेवर टोचली जाते ती याच घरांत. ज्याच्या हाती पैसा, त्यालाच पाखराची काळजी.

तेव्हा मागणे एवढेच. गावी गेल्यावर दहा घरे जमवा, कोंबड्या मोजा आणि फाल्गुनाआधीचा एक दिवस लसीसाठी ठरवा. यासाठी मोर्चा नको, निवेदन नको. जे आपल्या हातात आहे ते आपण करू, म्हणजे जे सरकारच्या हातात आहे ते मागताना मान ताठ राहील.