ख्रिस्ती धर्मेतिहासाचा अभ्यास आपल्या मुलाने का करू नये?

(जऊळका, जिल्हा वाशीम, येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेपूर्वी येथील एका पदवीधर तरुणाशी माझे बोलणे झाले. ख्रिस्ती धर्माचा इतिहास व धर्मशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, अशी त्याची इच्छा आहे. घरची वडीलधारी मंडळी नाराज आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या वाटेवर आणले आणि हा मुलगा चर्चच्या दारात जातो, हे त्यांचे दुःख आहे. त्या दुःखाचा मी अनादर करीत नाही. परंतु येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधल्या एकवीस वर्षांत बाबासाहेबांनी काय केले, हे त्यांनी स्वतःस विचारावे.

बाबासाहेबांनी धर्म तपासले. ख्रिस्ती धर्मांतराविषयी त्यांनी लिहिलेले दोन निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात छापले. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण कसे झाले, हा पहिल्याचा विषय. धर्मांतरितांची स्थिती काय झाली, हा दुसऱ्याचा. मिशनऱ्यांच्याच ग्रंथांतील पुरावे घेऊन, चर्चने जात मोडली काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी तेथे केला आहे. हे काम चर्चचा इतिहास वाचल्यावाचून झाले असते काय?

'धर्मशास्त्र' हा शब्द ऐकताच आपल्याला मनू आठवतो, आणि तसे होणे साहजिक आहे. ख्रिस्ती मंडळी या विद्येला ईश्वरविज्ञान म्हणतात. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाने ती का शिकावी? श्रद्धा म्हणून शिकू नये; एखाद्या समाजाने आपल्या देवाविषयी काय ठरविले, केव्हा ठरविले आणि कोणाच्या सोयीसाठी ठरविले, हे समजण्यासाठी शिकावी.

दोन उदाहरणे देतो. रॉबर्ट दे नोबिली हा इटालियन पाद्री १६०६ साली मदुरेस आला. संन्याशाचा वेष धारण करून त्याने उच्चवर्णीयांत धर्मप्रसार आरंभिला. तेथील ब्राह्मण ख्रिस्त्यांनी जानवे व शेंडी राखण्यास पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ साली अनुमती दिली. पुढे १८३३ साली कलकत्त्याचे प्रॉटेस्टंट बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील आपल्या मंडळ्यांना आज्ञापत्र पाठविले की, चर्चमध्ये जातिभेद तत्काळ व कायमचा बंद झाला पाहिजे. तेव्हा तंजावरकडील अनेक वेल्लाळ ख्रिस्ती चर्च सोडून गेले. बायबल तेच, ख्रिस्त तोच. परंतु जातीच्या प्रश्नावर एकाने मुभा दिली आणि दुसऱ्याने बंदी घातली. धर्मांतराने काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहण्यासाठी याहून मोठी प्रयोगशाळा आपल्याला कोठे मिळणार?

आपल्या मराठी मुलखाचेही तेच. ख्रिस्ती झालेले महाराष्ट्रीय म्हणून आपल्याला रेव्हरंड टिळक व पंडिता रमाबाई ठाऊक असतात. दोघेही थोर, आणि दोघेही जन्माने ब्राह्मण. परंतु अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, ठाणे केल्यानंतर तेथील खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांत महार व मांग यांचा भरणा मोठा होता. ते आपलेच आप्त होते. त्यांची कहाणी किती जणांनी वाचली आहे?

ही उणीव चर्चमधीलच एका मराठी पंडिताने बोलून दाखविली. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात भाषण करून आरोप केला की, भारतीय ख्रिस्ती विचारवंत ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच संवाद करीत बसले आणि चर्चमधील बहुसंख्य दलितांना विसरले. त्यातूनच दलित ईश्वरविज्ञान उभे राहिले. परंपरा आतून पुरती अभ्यासल्यामुळेच निर्मल यांना तिच्यावर असा आरोप करता आला.

आता हक्कांचे पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. आपण बौद्धांनी १९९० पर्यंत, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे, वाट पाहिली. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. धर्म बदलल्यावर जातीचा जाच राहतो काय, हा त्यांच्या दाव्यातील कळीचा प्रश्न आहे. २०२२ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी. याचा पुरावा चर्चच्याच इतिहासात आहे, आणि तो वाचणारा माणूस आपल्यातला का नसावा? ज्यांनी चौतीस वर्षे हा अन्याय सोसला, त्यांनी शेजाऱ्याच्या अन्यायाकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही.

राहिली व्यवहाराची गोष्ट. शेजारच्या यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली होती. ती १९८३ मध्ये पुण्यास गेली. अशा सेमिनऱ्या मुख्यतः चर्चचे सेवक घडविण्यासाठी असतात. श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधील सेरामपूरच्या, परंपरेत आधी बी. डी. आणि मग एम. टीएच. असा क्रम आहे. बौद्ध मुलास तो मार्ग अवघड आहे. मद्रास व म्हैसूर या विद्यापीठांनी मात्र ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभाग काढले; तेथे त्याने चौकशी करावी.

त्या तरुणास मी एवढेच सांगितले की, प्रवेशाआधी मोडी शीक आणि इंग्रजी पक्के कर. १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक जेथे मिळतील तेथे वाच. अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तेथवर जाणे पुढे कधी जमेल. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "पोरगा तिकडचाच होऊन गेला तर?" मी म्हणालो, आपल्या विहारात त्रिपिटकावर त्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा कोणी आहे काय, ते आधी पाहू. यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पालीचा वर्ग सुरू करायचा तर जागा माझी.