पडद्यावरची आपली पाटी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात लाखांदूर येथे दिलेले भाषण)



'कॉम्प्युटर आणि आपली मुले' या विषयावर मी दोन शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषा व इतिहासाचा शिक्षक आहे. इंजिनिअरिंगची पायरी मी चढलेलो नाही. तेव्हा या विषयावर विद्वत्तापूर्ण भाषण करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु या यंत्रातील एक लहानशी गोष्ट मी माझ्याच एका चुकीमुळे शिकलो. तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम मजकडे होते. सूचनेचा कागद मी फलकावर लावला आणि निश्चिंत झालो. पुढे त्यावर परीक्षेचे वेळापत्रक आले, त्यावर क्रीडास्पर्धेची सूचना आली, आणि माझा कागद खाली दबून गेला. दिवस धानाच्या कापणीचे होते. आपल्यापैकी अनेक जण पहाटे बांधीवर जात आणि अंधार पडल्यावर परतत. शेवटची तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी दोन मुलींचे वडील कागद घेऊन आले. एक शिवणकाम करणारे, दुसरे मजुरीवर जाणारे. "सर, आज चालेल ना?" एवढेच त्यांनी विचारले. मला नाही म्हणावे लागले. ते रागावले नाहीत. उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची नक्कल, सारे पुन्हा पिशवीत घातले आणि निघून गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मी विचार केला की फलकावरचा कागद मुका असतो. दिवस किती उरले हे तो सांगत नाही. मात्र शिक्षकांच्या खोलीतील कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो आणि प्रत्येकाची नजर त्यावर जाते. त्याच्या पडद्यावर एक लहानशी पाटी कायम दिसत राहिली, आणि 'शिष्यवृत्ती अर्ज : उरलेले दिवस ९' असे ती दररोज आपणच मोजून सांगू लागली तर?

अशा पाटीला कॉम्प्युटरच्या भाषेत 'विजेट' म्हणतात, आणि पडद्याच्या कडेला लांब पट्टी असेल तर तिला 'पॅनेल' म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे घड्याळ ही त्याचीच एक जात. तयार विजेटे पुष्कळ मिळतात. हवामानाची मिळतात, क्रिकेटच्या धावसंख्येची मिळतात. परंतु लाखांदूरच्या एका शाळेतील अर्जाची तारीख मराठीत सांगणारे विजेट बाजारात कोण विकणार? ते आपले आपणच करावे लागते.

ते करण्यासाठी मी पायथन ही भाषा शिकलो. हॉलंडचे गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात या भाषेचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. पायथन म्हणजे अजगर, पण नाव सापावरून पडलेले नाही. 'मॉन्टी पायथन' नावाच्या एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे. ही भाषा विनामूल्य आहे. पडद्यावर खिडक्या, बटणे व पाट्या काढण्याचे 'टीकिंटर' नावाचे साधन विंडोजवर तिच्याबरोबरच येते. एकदा भाषा उतरवून घेतली की पुढे इंटरनेटही लागत नाही. जुना कॉम्प्युटरही पुरतो. त्यावर विंडोज ७ असेल तर पायथनची ३.८ ही आवृत्ती घ्यावी, कारण त्यापुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत.

आता हे काम कसे चालते ते सांगतो. आपण धान पिकवणारी माणसे आहोत, म्हणून शेतातलाच दाखला घेतो. आधी शेत लागते, मग धुरे घालून बांध्या पाडाव्या लागतात, आणि मगच रोवणी होते. इथेही तोच क्रम आहे. प्रथम एक रिकामी खिडकी उघडायची, ते शेत. तिच्यात आडव्या-उभ्या ओळींनी चौकटी आखायच्या, त्या बांध्या. आणि मग प्रत्येक चौकटीत अक्षरांची पाटी किंवा बटण बसवायचे, ती रोवणी. माझ्या पहिल्या पाटीला वीस-पंचवीस ओळींहून अधिक मजकूर लागला नाही. दोन तारखांची वजाबाकी पायथन आपणहून करते. महिना तिसाचा की एकतीसचा, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

पण पहिल्याच दिवशी खिडकी गोठली. बटण दाबावे तर हलेना. कारण नंतर कळले. दर मिनिटाला पाटी बदलावी म्हणून मी यंत्राला 'एक मिनिट झोप' असा हुकूम दिला होता. शाळेच्या दारावरील शिपायाला आपण मिनिटभर डोळे मिटून बसायला सांगितले, तर तेवढ्यात आलेल्या पालकाला दार कोण उघडणार? त्याऐवजी 'एका मिनिटाने घंटा दे' असे सांगावे, म्हणजे तो मधल्या वेळात दारही सांभाळतो. टीकिंटरमध्ये 'आफ्टर' नावाचा असा हुकूम आहे. त्याला वेळ मिलिसेकंदांत सांगतात, म्हणजे मिनिटाला ६०,०००. हा बदल करताच खिडकी सुरळीत चालू लागली.

दुसरी अडचण शिष्टाचाराची म्हणावी लागेल. पाटी सर्वांच्या वर राहावी म्हणून मी तिला पडद्याच्या वरच्या कडेला ठेवले आणि तिची शीर्षकपट्टी काढून टाकली. आमचे लिपिक दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "सर, तुमची पट्टी माझ्या खिडकीच्या फुलीवर बसली आहे, मी काम बंद कसे करू?" शिवाय शीर्षकपट्टी गेली तेव्हा पाटीची स्वतःची फुलीही गेली, म्हणजे तीही बंद होईना. मग मी पाटी खालच्या उजव्या कोपऱ्यात हलवली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारल्यास ती बंद होईल अशी सोय केली. लिनक्सवर पॅनेलला पडद्याची एक पट्टी राखून मागता येते, म्हणजे इतर खिडक्या तेवढी जागा सोडूनच पसरतात. दुसऱ्याच्या कामात आडवे येणारे साधन कितीही हुशार असले तरी लोक ते बंद करतात, हे मी तेव्हा शिकलो.

तिसरी गोष्ट मला एका विद्यार्थिनीने शिकवली. ज्या दोन मुलींचे अर्ज माझ्यामुळे राहिले, त्यांतलीच ती एक. तेव्हा ती नववीत होती. वह्यांचा गठ्ठा ठेवायला ती खोलीत आली, पाटीकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, उरलेले दिवस उणे तीन कसे असतील?" एका अर्जाची तारीख उलटून गेली होती आणि यंत्र बिचारे प्रामाणिकपणे वजाबाकी करीत होते. तारीख उलटल्यावर काय लिहायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. मी तिला खुर्ची दिली आणि म्हटले, "तूच सांग, काय लिहावे?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मुदत संपली एवढेच लिहू नका सर. पुढच्या वर्षी कोणते कागद आधी काढून ठेवायचे, ते लिहा." जे मला सुचले नाही ते तिला सुचले, कारण मुदत संपणे म्हणजे काय हे तिला ठाऊक होते.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊन बसू लागली. तारखा कार्यक्रमाच्या मजकुरात न ठेवता वेगळ्या फायलीत ठेवाव्यात, म्हणजे पायथन न येणाऱ्या माणसालाही त्या बदलता येतील, ही सुधारणा आम्ही दोघांनी मिळून केली. एका सकाळी पाटीवर उरलेले दिवस काही हजार दिसले. तेव्हा यंत्राच्या आतला नाण्याएवढा सेल संपला आहे आणि त्यामुळे वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले आहे, हे तिनेच शोधले. आता आमची पाटी कालची तारीख लिहून ठेवते. आजची तारीख तिच्याहून मागची निघाली, तर आकडा न दाखवता 'घड्याळ तपासा' असे सांगते. चुकीचा आकडा सांगण्यापेक्षा मला कळत नाही असे सांगणे बरे, हा नियम माणसालाही लागू पडतो.

आता थोडे अक्षरांविषयी. आपल्या घरांत मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्या नांदतात, आणि दोन्ही यंत्राला जड जातात. 'शिष्यवृत्ती' या शब्दात पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी, आणि पुढे जोडाक्षर आहे. उर्दूत अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी निरनिराळे रूप घेते. विंडोजवर टीकिंटरची मराठी नीट दिसते. लिनक्सवर मात्र जोडाक्षरे मोडलेली दिसू शकतात. तेथे जीटीके नावाचे साधन पायथनमधून वापरावे. जीटीके अक्षरे जुळवण्याचे काम 'हार्फबझ' नावाच्या कार्यक्रमाकडून करून घेते. तो बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या तज्ज्ञाने वाढवला, आणि तेच नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. आज अँड्रॉइड फोनमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरे जुळवतो तो हाच. 'हर्फ' हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचा आहे. तो जगभरच्या यंत्रांत जाऊन बसला आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

हे सारे परदेशातच होते असेही समजू नका. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी पायथनमध्ये 'मायावी' नावाचा कार्यक्रम लिहिला. शास्त्रज्ञांची आकडेवारी तो त्रिमितीत चित्ररूपाने दाखवतो. त्याची पहिली आवृत्ती टीकिंटरच्याच खिडक्यांवर उभी होती, म्हणजे ज्या साधनाने आम्ही आमची लहानशी पाटी केली, त्याच साधनावर. त्याच आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात असे विषय शिकवणारे पाठ विनामूल्य मिळतात आणि त्यांतील अनेक पाठ मराठीतूनही ऐकता येतात. इंग्रजी कच्चे आहे ही सबब मी माझ्या बाबतीत वापरली होती. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ती वापरू नका.

पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्यात हुनराला मान आहे. मुलगा शिवणयंत्रावर बसला की आपण त्याला आधी कापड कापायला देतो, मग काज-बटण, मग सदरा. दुसऱ्याचे शिवलेले कपडे घालता आले म्हणजे शिलाई आली, असे आपण म्हणत नाही. मग मुलाला फोन चालवता येतो म्हणून त्याला कॉम्प्युटर येतो, असे आपण का समजतो? प्रमाणपत्र जरूर घ्यावे, पण त्याबरोबर घरातले एक खरे काम त्याला द्यावे. दुकानाच्या उधारीची पाटी, धान विकल्याच्या हिशेबाची पाटी, आजीच्या औषधाच्या वेळेची पाटी. आणि हे काम मुलाला देता तसेच मुलीलाही द्या. तिला शनिवारचा एक तास यंत्रापुढे बसू द्या. आमच्या पाटीतल्या सर्वांत चांगल्या दोन सुधारणा मुलीच्या आहेत, हे मी वर सांगितलेच आहे.

विद्यार्थ्यांनो, आरंभ असा करा. पहिल्या आठवड्यात खिडकीत फक्त तुमचे नाव मराठीत आणा. दुसऱ्या आठवड्यात आजची तारीख आणा. तिसऱ्यात परीक्षेला उरलेले दिवस मोजा. आणि हे करण्यापूर्वी एका कागदावर लिहा की ही पाटी कोणासाठी आहे आणि तिने काय सांगायचे आहे. या कागदावाचून लिहिलेला कार्यक्रम चालला तरी कोणाच्या उपयोगी पडत नाही.

शेवटी एक कबुली देतो. त्या पाटीनंतर आमच्या शाळेत एकाही अर्जाची तारीख चुकलेली नाही, पण याचे सारे श्रेय मी यंत्राला देणार नाही. पाटी दिवस मोजते, परंतु आकडा सातवर आला की उठून ज्यांचे कागद आलेले नाहीत त्यांच्या घरी जावे लागते, आणि ते माणसालाच करावे लागते. यंत्राने आम्हाला आठवण द्यावी आणि आम्ही पाय उचलावेत, अशी आमची वाटणी ठरली आहे. ज्या दोन पालकांना मी एकदा परत पाठवले, त्यांचे ऋण मी असेच फेडू पाहतो.